ओव्हरमन काकाजींची शाळा-तपासणी

वणीजवळच्या राजूरला बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात: चुनाभट्ट्यांची पांढरी भुकटी आणि कोळशाची काळी धूळ. तिसरी गोष्ट बघायची तर संध्याकाळी कॉलरीच्या बाजूला यावं लागतं. तिथे घरासमोरच्या ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून आणि मोबाइल नाकाशी धरून एक रिटायर्ड ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे, बसलेले असतात आणि जकार्तातल्या एका ख्रिस्ती शाळेचं माहितीपत्रक वाचत असतात. आम्ही त्यांना ओव्हरमन काकाजी म्हणतो. हे एकच गृहस्थ आहेत असं समजू नका. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, जिथे जिथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या पगारावर पोरं शिकली आणि शिकून उडाली, तिथे तिथे एकेक काकाजी सापडतात. मुलगा परदेशी गेला की काही बाप तिथलं हवामान पाहू लागतात, काही डॉलरचा भाव. काकाजींच्या जातीचे बाप नातवाची शाळा पाहतात.

काकाजींचा मुलगा कोळशातच आहे, पण वेगळ्या टोकाला. बापाने राजूरच्या जमिनीखालून कोळसा काढला, मुलगा जकार्तात बसून इंडोनेशियाचा कोळसा भारताला विकतो. आपल्याकडे बाहेरून जो कोळसा येतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा त्याच देशाचा. काकाजींना हा मुद्दा अजून पचलेला नाही. "घरचा कोळसा जमिनीत ठेवून दुसऱ्याचा आणायचा, अन् पगार माह्याच पोट्ट्याने घ्यायचा," असं ते म्हणतात. मात्र आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त असतो.

नातू सहा वर्षांचा झाला आणि शाळेचा प्रश्न निघाला. सून पुण्याची. तिने तीन शाळांची माहितीपत्रकं पाठवली आणि खाली लिहिलं, "बाबा, सहज बघा." सहज! ज्या माणसाने बत्तीस वर्षं छत ठोकल्याशिवाय एका माणसाला आत सोडलं नाही, त्याला सहज बघ म्हणायचं.

खाणीतली रीत ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. माणसं कामाला लागण्याआधी जागा तपासावी लागते. काठीने छत ठोकायचं. घट्ट असेल तर खणखणीत वाजतं, सुटलेलं असेल तर बद्द आवाज येतो. मग हवा खेळते का, पाणी साचलंय का, बाहेर निघायच्या दोन वाटा मोकळ्या आहेत का, हे पाहायचं आणि रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. काकाजींनी शाळांना हीच रीत लावली. शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख, पाळी आणि 'तपासणीचे ठिकाण: जकार्ता' असं लिहिलं.

पहिलाच ठोका बद्द वाजला. जकार्तात 1950 पासून गांधीजींच्या नावाची शाळा आहे, हे काकाजींनी कुठून तरी शोधून काढलं होतं.

"गांधीजीची शाळा सोडून येशूची कायले?" त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. "आपल्याले सेवाग्राम किती जवळ हाये, काही वाटते का तुले?"

"बाबा, गांधी स्कूल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. ट्रॅफिकमध्ये दीड तास जाईल."

"गांधीजी दांडीपर्यंत पायी गेले."

"बाबा, त्यांना दप्तर नव्हतं," सून मागून म्हणाली.

काकाजींनी वहीत लिहिलं, 'गांधी: अंतर जास्त. नापसंत (नाइलाजाने).'

मग ख्रिस्ती शाळांचा अभ्यास सुरू झाला, आणि तिथे काकाजी आम्हा सगळ्यांच्या पुढे गेले. या शाळा निघाल्या कशा, ते त्यांनी एका आठवड्यात पाठ केलं. मिशनरी मंडळी परक्या देशात काम करायची, त्यांच्या मुलांना शिकवायचं कुठे, या अडचणीतून त्यांतल्या बऱ्याच उभ्या राहिल्या. केनियात किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी 1906 ची, मनिलाची फेथ अकॅडमी 1957 ची. काकाजींची खरी लाडकी मात्र दालात. ती 1929 साली व्हिएतनामच्या दालात गावी सुरू झाली, युद्ध पेटल्यावर 1965 मध्ये तिथून निघाली, थायलंडला गेली, मग मलेशियात, आणि शेवटी 1971 मध्ये पेनांगला स्थिरावली. "तीन देश फिरली पन पोट्टे सोडले नाही," काकाजी डोळे मोठे करून सांगतात. "असा मॅनेजर आमाले एक भेटला नाही." नातवाला पेनांगला टाकावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मुलगा जकार्तात राहतो ही किरकोळ अडचण सुनेने लक्षात आणून दिली.

यात एक गंमत आहे, ती काकाजींनीच मला दाखवली. यवतमाळला 1953 ते 1983 अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. आपल्या भागात गोरे मिशनरी होते, त्यांना लेकरं होती. अशा कुटुंबांसाठी कोडाईकनालची शाळा होती, 1901 मध्ये मुख्यतः अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली, आणि मसूरीची वुडस्टॉक, 1854 ची. म्हणजे एके काळी परदेशातून इकडे आलेले आईबाप आपल्या मुलांसाठी डोंगरावरची ख्रिस्ती शाळा निवडत होते, आणि त्यांचे आजोबा कुठेतरी मिशिगनमध्ये बसून पत्रातून विचारत असतील की तिथे खायला काय देतात. काकाजींना या अनोळखी अमेरिकन आजोबांबद्दल फार आपुलकी वाटते.

चौकात मात्र दुसराच प्रश्न आला, आणि तो येणारच होता. पानठेल्यावर एकाने विचारलंच, "काकाजी, पोट्टं बाटलं तं?"

काकाजींनी सुपारी गालात सरकवली. "माहा पोरगा उमरीच्या मिशन दवाखान्यात जलमला. पांढरकवड्याच्या पलीकडची नर्सबाई होती, येशूचं नाव घेतल्याबिगर सुई टोचत नोती. तो बाटला का? दर श्रावणात सोमवार धरते."

तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि नवाही नाही. 1883 मध्ये पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला वाँटेजच्या मठात राहिल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि मुलीला धर्माचं काय शिकवायचं, ती कोणाच्या हाताखाली वाढायची, यावरून मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून चांगलीच जुंपली. बाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी पोरीच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा, हे सोडायला तयार नव्हत्या. परदेशात ख्रिस्ती शाळा निवडणाऱ्या मराठी आईची इतकी जुनी आणि इतकी नोंदलेली तक्रार मला दुसरी माहीत नाही. सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांना नका सांगू, वहीत लिहितील." तोवर लिहून झालं होतं.

काकाजींची पुढची चौकशी प्रार्थनेची. ते स्वतः गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकवत नाहीत. त्यामुळे शाळेत आठवड्यातून एकदा चॅपल असतं आणि बायबल हा विषय वेळापत्रकात आहे, हे कळल्यावर त्यांचे प्रश्न अगदी तांत्रिक होते. बसून की उभ्याने? किती मिनिटं? उशिरा येणाऱ्याला आत घेतात का? "प्रार्थना कोनाचीबी असो, टाइमावर पायजे." इंडोनेशियात सहा धर्मांना सरकारी मान्यता आहे आणि त्यात हिंदू धर्मही येतो, हे वाचल्यावर तर त्यांनी त्या देशाला वहीत स्वतंत्र पान दिलं.

त्याच पानावर एक नोंद लाल शाईत आहे. इंडोनेशियाच्या सरकारने 2014 च्या सुमारास परदेशी पद्धतीच्या शाळांना नावात 'इंटरनॅशनल' लावायला मनाई केली. मोठमोठ्या शाळांना पाट्या बदलाव्या लागल्या. जकार्ता इंटरनॅशनल स्कूलचं जकार्ता इंटरकल्चरल स्कूल झालं. काकाजींनी ही बातमी मला दोनदा वाचून दाखवली. आपल्याकडे दोन खोल्या, एक घसरगुंडी आणि गेटवर मिकी माऊस एवढ्यावर शाळा 'इंटरनॅशनल' होते, आणि गणपतीच्या नावापुढेही बिनदिक्कत 'कॉन्व्हेंट' लागतं. "तिकडचं सरकार इकडे आनलं पायजे," काकाजी म्हणाले, "निस्ते पेंटरच कामाले लागतीन."

अभ्यासक्रमावर आल्यावर काकाजी पहिल्यांदा थकले. आयबी ही काय भानगड आहे, हे मुलाने समजावलं: 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालेला अभ्यासक्रम, शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय, चार हजार शब्दांचा एक निबंध, एकूण गुण पंचेचाळीस.

"पंचेचाळीस? अन् बाकीचे पंचावन्न कुठी गेले?"

"एकूणच पंचेचाळीस असतात, बाबा."

"मंग डिस्टिंक्शन कितीवर?"

त्याच अभ्यासक्रमात 'ज्ञान म्हणजे काय' यावर वेगळे तास असतात, हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमाले रिटायर झाल्यावर कळलं. त्याले सतरा वर्साचा असताना शिकवतीन, तं बरंच हाये."

शेवटी त्यांनी तो प्रश्न काढला, ज्यासाठी मी त्यांना मनातून मानतो. "बाहेर निघायच्या वाटा किती?"

"फायर एक्झिट चार आहेत बाबा."

"ते नाही रे लेका. पोट्टं उद्या वापस आलं तं त्याले घेईन कोन?"

पलीकडे शांतता. हा प्रश्न परदेशी माहितीपत्रकात नसतो आणि तिथल्या शाळेच्या ऑफिसातही कुणाला पडत नाही. काकाजींनी उत्तरं काढून ठेवली होती. आयबी किंवा केंब्रिजची परीक्षा दिलेल्या मुलाला इथल्या विद्यापीठांत भारतीय विश्वविद्यालय संघाची समकक्षता लागू शकते. डॉक्टरकीला नीट आहेच. पण महाराष्ट्राच्या कोट्यातली जागा पाहिजे असेल तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. वैद्यकीय प्रवेशातला विदर्भाचा सत्तर-तीसचा हिशेब (सत्तर टक्के जागा विभागातल्या मुलांना, तीस टक्के बाकी राज्याला) सरकारने 2020 मध्ये रद्द केला, त्या वेळी काकाजी आठवडाभर चौकात भांडत होते; तेव्हापासून या विषयात त्यांचा हात कोणी धरत नाही. म्हणून ज्याला परतायचं आहे त्याने परदेशात सीबीएसई पाहावी, हे त्यांचं मत. मस्कतच्या परिचारिकेचा बाप विचारायला आला, तेव्हा त्यांनी 1975 च्या इंडियन स्कूलचं नाव सांगून त्याला दहा मिनिटांत मोकळं केलं. परतायचा बेत नसलेल्या दुबईवाल्याला 1968 ची सेंट मेरीज सुचवली, वर हेही सांगितलं की तिथे सरकारी निरीक्षक येऊन शाळांना शेरे देत आलेत. निरीक्षक येतो म्हटलं की काकाजींचा त्या गावावर विश्वास बसतो.

नातवाच्या शाळेची वही एकोणचाळीस पानांवर गेली. चाळिसाव्या पानाआधी कळलं की सुनेने दीड महिन्यापूर्वीच नाव घालून टाकलं होतं. शाळा घराखाली बस पाठवते, फी कंपनी भरते, आणि सून बघायला गेली तेव्हा वर्गातली बाई खाली बसून पोराशी त्याच्या उंचीवर बोलली. एवढंच. बायबलचा तास, पंचेचाळीस गुण, सहा धर्म यांपैकी काहीही निर्णयात नव्हतं. माझ्या मते ठोकून पाहिलं ते सुनेनेच. काकाजींनी फक्त वही लिहिली.

काकाजी रागावले नाहीत. त्यांनी एक अट तेवढी घातली, की रोज रात्री भारताचे आठ म्हणजे तिकडचे साडेनऊ वाजता पोट्ट्याने दहा मिनिटं मराठीत बोलायचं, आणि ते पुण्याचं नाही, आपलं. आता सहा वर्षांचा तो मुलगा जेवणाआधी इंग्रजीत येशूचे आभार मानतो आणि आमेन म्हणून झाल्यावर स्क्रीनकडे बघून विचारतो, "आबाजी, तुमी काय खाल्लं बे?" 'बे' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हे शिकवायचं अजून बाकी आहे. सून म्हणते, त्या शाळेत सुधारलेलं सगळं राजूरला बिघडतं. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र नोंद झाली: 'तपासले. जागा सुरक्षित. माणसे आत सोडण्यास हरकत नाही.' खाली सही, तारीख आणि दुसरी पाळी.

तुमचंही कुणी परदेशात असेल आणि शाळा ठरत नसेल तर काकाजींकडे जरूर या. वणीहून राजूर लांब नाही. प्रार्थनेच्या वेळी मात्र येऊ नका, आणि येताना मुलाचा किंवा मुलीचा खरा बेत विचारून या, की परत यायचं आहे की नाही. त्याशिवाय काकाजी वही उघडत नाहीत.