चौथ्या वर्षी निवृत्त

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतला इंजिनिअर चाळिशीत निवृत्तीचं एक्सेल उघडतो. शर्यतीचा ग्रेहाउंड चार-पाच वर्षांचा होईतो मोडीत निघतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. 2018 मध्ये मकाऊचा कॅनिड्रोम हा ग्रेहाउंड शर्यतींचा ट्रॅक बंद पडला, तेव्हा पाचशेहून जास्त कुत्री एकदम बेंचवर आली.

ताशी 70 किलोमीटरच्या आसपास धावू शकणारा हा प्राणी घरात आला, की दिवसाचा बराचसा वेळ सोफ्यावर आडवा असतो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला तासभर अडकून आलेल्या मालकाला बसायला उरते फरशी.

खरी परीक्षा मांजराची. ग्रेहाउंडचं उभं आयुष्य खोट्या सशामागे पळण्यात गेलेलं. समोर खरी, मऊ, पळणारी वस्तू दिसली की जुनी नोकरी आठवणारच. म्हणून सुरुवातीला तोंडाला जाळीचं मुसकं, गळ्यात पट्टा, दोघांमध्ये बेबी गेट. मांजर फ्रिजवर बसून नव्या भाडेकरूची मुलाखत घेते. घरातला गावठी मोत्या तेवढ्यात गादी बळकावतो.

याच कर्नाटकात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला हाउंड तसाच सडपातळ, तसाच चपळ. 2005 मध्ये टपाल तिकिटावरही झळकला. पण तो बागलकोट जिल्ह्यातला पडला! मकाऊची सर त्याला कुठली?

सोसायटीच्या ग्रुपवर पाहुण्याचा फोटो पडतो आणि मिनिटभरात पहिला प्रश्न येतो : बरगड्या दिसताहेत, खायला घालत नाही का हो?