डॉक्टरला न काढता कसं घालवावं

धरून चालू की केळशीत लोकवर्गणीतून रुग्णालय उभं राहिलंय, एक तरुण अधीक्षक दापोलीतली चालती प्रॅक्टिस सोडून तिथे आलाय आणि आपण विश्वस्त आहात.

उघड विरोध करू नये, डॉक्टर सावध होतो. सभेत “डॉक्टर म्हणतील तसं” म्हणावं आणि संध्याकाळी महालक्ष्मीच्या देवळापाशी “आमचं ऐकतो कोण!” म्हणून सुस्कारा टाकावा. नर्सची रजा, शिपायाची पाळी, ड्रायव्हरची उचल परस्पर मंजूर करावी. लवकरच माणसं साहेबांऐवजी आपल्या ओटीवर येतात.

सभा दादरला घ्यावी. देणग्या मुंबईकर मंडळाच्या, त्यांना केळशीची दगदग कशाला? अधीक्षकाला आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कळवावं. इतिवृत्तात “पूर्वसूचना देऊनही अनुपस्थित”. कळीचा ठराव “ऐनवेळचे विषय” म्हणून, बटाटेवडे आल्यावर मांडावा.

खरेदीत तत्त्वनिष्ठ राहावं. सर्पदंशाच्या लशीला तीन कोटेशनं मागावीत. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीला एकही नको. विंचूदंशावर प्रॅझोसिनची गोळी चालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातच दाखवून दिलं. गोळी स्वस्त आहे, म्हणून तिच्यासाठी उपसमिती नेमावी.

एवढ्यानेही तो टिकला, तर कायदा आहेच. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. एक आपण द्यावा, दुसरा विरोधी गटाला द्यायला लावावा. दोन अध्यक्ष झाले, दोन इतिवृत्ताच्या वह्या झाल्या. मग दोघांनीही बँकेला पत्र लिहावं. बँक खात्याचे व्यवहार थांबवते, पगार अडतात, आणि लोक ओरडायला जातात ते अधीक्षकाकडेच! आपलं कुठे नावही येत नाही. मुंबईत लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्तांचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयांत चालला, तेव्हा घाई नसावी. कलम 41ड खाली विश्वस्ताला काढताही येतं म्हणतात; पण ती चौकशी संपेपर्यंत डॉक्टरचं तान्हं पोर शाळेच्या वयाचं होतं आणि बायको पुण्याचं नाव काढू लागते.

राजीनामा आला की “संस्थेची अपरिमित हानी” असं म्हणून शाल-श्रीफळ द्यावं. त्याच आठवड्यात जाहिरात: “निवासी डॉक्टर पाहिजे. समुद्राजवळ क्वार्टर. मनमिळाऊ स्वभावास प्राधान्य.” तोवर पेशंट दापोलीला धाडावेत. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आपल्या शब्दातला आहेच; डिझेलच्या बिलावर सही कुठल्या अध्यक्षाची, तेवढं आधी ठरवून घ्यावं.