एका कान्याचा आजार

शाळेत कर्ता ओळखायची एक युक्ती शिकवत. धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण?’ विचारायचं. ‘माणूस मेला.’ मरणारा कोण? माणूस. सापडला कर्ता. ‘माणसाला मारलं.’ मारणारा कोण? आता आली पंचाईत. वाक्यात उत्तर नाही, वाक्याबाहेर जाऊन शोधावं लागतं. मरणारा आणि मारणारा यांच्यात फरक एका कान्याचा. हा काना खोडायला अमेरिकेत जवळजवळ चाळीस वर्षं एक आजार कामाला आला. नाव ‘एक्सायटेड डिलिरियम’.

आजाराचं वर्णन असं: माणूस बेभान होतो, अंग तापतं, चार-चार पोलिसांना आवरत नाही आणि मग मरतो. चार पोलिसांनी आवरल्यामुळे मरतो असं नाही हं, आजारानेच मरतो. पोलीस आपले तिथे योगायोगाने असतात, त्याच्या पाठीवर.

या नावाचा जन्म मायामीतला. १९८५ मध्ये चार्ल्स वेटली आणि डेव्हिड फिशबेन या दोन डॉक्टरांनी कोकेन घेऊन बेभान झालेल्या आणि अचानक मेलेल्या लोकांवर निबंध लिहिला. मेलेल्यांपैकी बहुतेक जण पोलिसांच्या ताब्यात होते. पुढे त्याच शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृतदेह एकापाठोपाठ एक सापडू लागले. शवचिकित्सक वेटलींचं मत पडलं की कोकेन आणि शरीरसंबंध यांच्या मिलाफाने त्या गेल्या. मग चौदा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह आला, आणि तिच्या शरीरात कोकेनच नव्हतं. वेटलींचे वरिष्ठ जोसेफ डेव्हिस यांनी जुन्या फायली पुन्हा काढल्या. त्या बायकांचे खून झाले होते, श्वास कोंडून. मारणारा मोकळा फिरत होता आणि कागदावर सगळ्या नुसत्याच मेल्या होत्या. एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल, सिद्धांत गुंडाळला गेला असेल. छे! त्याला बढती मिळाली.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स’ने, या आजारावर श्वेतपत्रिका काढली. त्यातली लक्षणं वाचा: घाम, जोरजोरात श्वास, तापलेलं अंग, न थकणं, वेदना न जाणवणं, विचित्र कपडे, काचेची आणि आरशाची ओढ. आणि हे खास लक्षण: पोलिसांचं न ऐकणं! या हिशेबाने आपल्याकडच्या प्रत्येक वरातीत नवरदेवाचा एक तरी मामा अत्यवस्थ असतो. घामाने निथळतोय, थकायचं नाव नाही, रात्री दहाला हवालदार डीजे बंद करा म्हणतोय आणि मामा ऐकत नाही. पण मामाला कुणी पालथा पाडून पाठीवर बसत नाही, म्हणून मामा सकाळी उठून पोहे खातो. औषध एवढंच आहे.

चेष्टा पुरे. २४ ऑगस्ट २०१९, कोलोरॅडोतलं ऑरोरा गाव. तेवीस वर्षांचा एलायजा मॅक्लेन दुकानातून थंड चहाचे डबे घेऊन घरी निघाला होता. चेहऱ्यावर स्की मास्क होता आणि चालता चालता तो हात हलवत होता, म्हणून कुणीतरी फोन केला. त्याने गुन्हा केलेला नव्हता. पोलिसांनी त्याची मान आवळून त्याला खाली पाडलं. तो मास्कमध्येच ओकला, श्वास घेता येत नाही म्हणाला. मग पॅरामेडिक आले आणि त्यांनी रोग ओळखला: एक्सायटेड डिलिरियम. केटामाइन या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, ५०० मिलिग्रॅम. पोराचं वजन सुमारे ६५ किलो. त्यांच्याच नियमाने किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३२५च्या आसपास बसतं. गुणाकार तिसरीचा आहे. काही दिवसांनी तो गेला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही पॅरामेडिक मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरले.

२५ मे २०२०, मिनिआपोलिस. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस अधिकारी डेरेक शॉविनचा गुडघा, ९ मिनिटं २९ सेकंद. पाय धरून बसलेल्या नवशिक्या पोलिसाला तेवढ्यात शंका येते, याला एक्सायटेड डिलिरियम की काय ते झालं नसेल ना? म्हणूनच तर पालथा ठेवलाय, असं शॉविनचं उत्तर. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार टाकला की श्वास कोंडतो, हे कळायला वैद्यकीची पदवी लागत नाही. इथे तर गुडघा हाच उपचार होता.

कुणी म्हणेल, माणसं खरंच बेभान होतात, डॉक्टर ती रोज पाहतात. बरोबर आहे. नशेने, तापाने, मेंदूच्या विकाराने माणूस अंगात आल्यासारखा वागतो, कधी जिवावरही बेततं. पण त्याला डॉक्टर लागतो, आणि मेल्यावर कारण नेमकं लिहावं लागतं. ‘बेभान होता, म्हणून मेला’ हे निदान नव्हे, पंचनाम्यावर मारलेला रंग आहे. पोलिसांसाठी टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीने तर ओहायोतल्या शवचिकित्सकांना कोर्टात खेचून २००८ मध्ये मृत्यूच्या कारणांमधून टेझरचा उल्लेखच वगळायचा आदेश मिळवला. मारणारं यंत्र असलं तरी काना खोडता येतो. फक्त वकील चांगला लागतो.

आपणही फार हसू नये. आपल्याकडच्या कोठडीत माणसाच्या ‘छातीत कळ येते’, तिला इंग्रजी नाव नाही इतकंच.

२०२३ मध्ये अखेर गाडं हललं. मार्चमध्ये शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने मृत्यूचं कारण म्हणून हा शब्द नाकारला. ऑक्टोबरमध्ये आपत्कालीन डॉक्टरांनी आपली श्वेतपत्रिका मागे घेतली, चौदा वर्षांनी. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कायदाच करून मृत्यूच्या दाखल्यावर या शब्दाला बंदी घातली. आणि मेरीलँड राज्याने पोलिसांनी आवरताना झालेले जुने ८७ मृत्यू बाहेरच्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतले. मे २०२५ मध्ये अहवाल आला. अपघात, नैसर्गिक किंवा अनिश्चित म्हणून मिटवलेल्यांपैकी ३६ मृत्यू दुसऱ्या माणसाच्या हातून झाले होते, यावर तपासणाऱ्यांचं एकमत झालं.

३६ जणांना त्यांचा काना परत मिळाला. जीव नाही मिळाला.