मे महिन्यात नागपूर : नवशिक्यांसाठी

आधी पात्रता तपासून घ्या. ज्यांची सासुरवाडी नागपूरची आहे, ज्यांच्या जवळच्या नात्यातलं लग्न मे महिन्यात तिथे निघालं आहे, किंवा ज्यांनी रजेचा अर्ज भरताना कॅलेंडरकडे पाहिलं नव्हतं, अशांसाठीच हे लिहिलं आहे. बाकीच्यांनी महाबळेश्वरला जावं. मी पहिल्या वर्गात मोडतो. पुण्यात जन्मलो, वाढलो आणि विचारपूस न करता नागपूरचा जावई झालो. मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यातच असतात, त्यामुळे माझं नागपूरचं शिक्षण सगळं उन्हाळी वर्गातलं आहे.

उन्हाळ्यात नागपूर सोडून जाणं ही राजमान्य परंपरा आहे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या. इंग्रजांच्या अमलात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. उन्हं तापली की ते सरकार फायली बांधून पचमढीला चढायचं. पुढे १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचं ठरलं. ते हिवाळी अधिवेशन म्हणून ओळखलं जातं. करारावर सह्या करणारी माणसं जाणती होती.

आता तापमान. मे महिन्यात दुपारचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असला की नागपूरकर त्याला 'बरं आहे' म्हणतात. २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस लोक घरातल्या मोठ्या आजारपणासारखा तपशिलाने सांगतात. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातम्या झाल्या. मग हवामान खात्याने तपासून सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. माझ्या सासऱ्यांचं मत निराळं आहे. त्यांच्या मते यंत्राला ऊन लागलं. २५ मेच्या सुमाराला नवतपा सुरू होतो, म्हणजे सूर्य रोहिणीत आल्यानंतरचे नऊ दिवस. ते टाळून तिकीट काढता आलं तर काढा. नाहीच आलं तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

कपडे

मुंबईकरांची इथे फसगत होते. मुंबईत घाम दिसतो, ओघळतो, शर्टाला नकाशे काढतो. नागपूरची हवा इतकी कोरडी की घाम फुटल्याबरोबर उडून जातो. माणूस कोरडाठाक. त्याला वाटतं, घामच येत नाहीये, मग पाणी कशाला प्यायचं? आणि दुपारी दोनला तो पाव्हण्यांच्या खोलीत आडवा होतो, उशाशी मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या. तहान लागायची वाट पाहू नका. लागली असं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

शर्ट पांढरा, सुती, पूर्ण बाह्यांचा आणि सैल. अर्ध्या बाह्यांनी वारा लागेल असा हिशोब पुण्यात बरोबर आहे. नागपुरात लागतो तो वारा नव्हे, भट्टीचं दार उघडल्यावर येतो तो झोत. मी पहिल्या वर्षी काळा टी-शर्ट घालून भर बारा वाजता झीरो माइल पाहायला गेलो होतो. दगडी खांब आहे, रायपूर, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची अंतरं त्यावर कोरलेली आहेत, शेजारी चार घोडे आहेत. एवढं मला आठवतं. घोडे खरे नव्हते म्हणून तिथे उभे होते. मेव्हण्याची स्कूटर अर्धा तास उन्हात होती, आणि तिच्या सीटवर मी बसलो ते फार थोडा वेळ. तेव्हापासून मी बसण्याआधी सीटवर बाटलीतलं पाणी मारतो. चुर्र असा आवाज आला तर आणखी मारतो.

खरा पोशाख मात्र दुपट्टा. दोन-सव्वादोन मीटरचा, सुती, फिकट रंगाचा. डोक्यावरून घ्यायचा, कान झाकायचे, एक टोक नाकावरून पलीकडे न्यायचं, दुसरं मानेमागून आणून पहिल्यात खोचायचं, वर गॉगल चढवायचा. बायका बांधतात, पुरुष बांधतात, कॉलेजातली पोरं बांधतात. मे महिन्यात नागपुरात चेहरा ही खासगी बाब आहे. याचे तोटेही आहेत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात (पूर्ण नाव घेतलंत की तुम्ही परगावचे ठरता), एका मोतिया दुपट्ट्यातल्या बाईंना मी हक्काने म्हणालो, "आण ती पिशवी इकडे." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पिशवी माझी आहे. वहिनी तिकडे रस पिऊन राहिल्या." बायको खरोखरच रसवंतीपाशी उभी होती. तिच्या अंगावर मोतियाच दुपट्टा होता. आता आम्ही निघताना चपलांचा रंग बघून ठेवतो.

खिशात कांदा ठेवावा का, असं नवशिके विचारतात. मी ठेवतो. त्याने ऊन लागत नाही याला काही आधार नाही, पण सासूबाई दारातच हातावर ठेवतात आणि जावयाने सासरच्या कांद्याला नाही म्हणू नये.

खाणं

संत्री मागू नका. मी मागितली होती. संत्र्याच्या शहरात उतरल्यावर दुसरं काय मागणार? पण झाडं कॅलेंडरप्रमाणे चालतात. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात संत्रं भेटतं ते बर्फीत. ती आवर्जून खा.

सांबारवडीही मागू नका. एक तर पुण्यामुंबईची माणसं हे नाव ऐकून इडलीबरोबरचं सांबार डोळ्यांपुढे आणतात. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. भरपूर कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली ही वडी घराघरांत होते ती थंडीत, कोथिंबीर स्वस्त असते तेव्हा. उन्हाळ्यात तुमच्या हट्टापायी कोणी केलीच, तर तिच्यासाठी जुड्यांना मोजलेले पैसे पुढची काही वर्षं तुमच्या कानावर येत राहतील.

सकाळी मात्र तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या आसपास उभ्याने खा. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात, वर कांदा, चिवडा. पुणेकर पहिल्या घासाला "पोह्यांवर रस्सा?" असं विचारतो आणि दुसऱ्या बशीला "तर्री जरा जास्त" म्हणतो. सावजीचं जेवण मात्र पहिल्याच दिवशी, भर दुपारी, 'आम्हाला तिखट चालतं' असं जाहीर करून खाऊ नये. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा हा स्वयंपाक. माग चालवणाऱ्या माणसांचं जेवण आहे ते. लॅपटॉप चालवणाऱ्यांनी बेताने घ्यावं.

पण खरा उन्हाळा घरात खायचा असतो. कैरीचा टक्कू ही वस्तू माझ्या माहितीप्रमाणे कुठल्याही पर्यटनाच्या माहितीपत्रकात नाही आणि त्यामुळेच ती अजून चांगली राहिली आहे. कैरी किसायची, कांदा किसायचा, गूळ, तिखट, मीठ, वरून फोडणी. जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला चमचाभर वाढतात आणि ती डावी बाजू हळूहळू उजवीकडे सरकत जाते. सरगुंडेही असेच. कणीक बारीक काडीभोवती गुंडाळून वाळवायची, मग ती वळकटी उकळून आमरसाबरोबर खायची. आमरस बैंगनपल्लीचा. इथे मी एकदा रत्नागिरी हापूसची पेटी घेऊन गेलो होतो. रात्रीच्या गाडीत ती माझ्या बर्थखाली होती. नागपूर येईपर्यंत आंबे पिकून, पुढे जाऊन, निवृत्तही झाले होते. सासऱ्यांनी पेटी उघडली, वास घेतला आणि "आमचा बैंगनपल्ली बरा" एवढंच म्हणाले. हापूसच्या बाबतीत मी त्या घरात पुन्हा तोंड उघडलेलं नाही.

पाहणं

नागपूर सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते अकरा या वेळात उघडं असतं. मधल्या वेळात दुकानं उघडी दिसतात, पण ती गल्ल्यावर डुलकी घेत असतात. काही उन्हाळ्यांत दुपारी मोठ्या चौकांतले सिग्नलसुद्धा बंद ठेवले गेले, लाल दिव्यापाशी माणसं उन्हात शिजू नयेत म्हणून. पुण्याची दुपारची झोप ही हौस आहे. इथली नाही.

दीक्षाभूमीला सकाळीच जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. स्तूप आतून पोकळ आहे, घुमट १२० फूट उंच, आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी त्या फरशीवर पाऊल ठरत नाही, हे सकाळचं दुसरं कारण. पहिलं कारण म्हणजे त्या वेळी तिथे शांत बसता येतं.

सीताबर्डीचा किल्ला पाहायचा असेल तर तारीख नीट बघा. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई इथे झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. तिन्हींतला उन्हाळी दिवस एकच. म्हणजे ३० एप्रिलच्या रात्री पोहोचणारा शहाणा. मी दरवर्षी २ मेला पोहोचतो. किल्ल्याची बाहेरची भिंत मला पाठ आहे.

रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे, पहाटे निघून नवाच्या आत परत या. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं मानतात. आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग दिसल्याबरोबर तो यक्ष त्याच्याशी बोलू लागला, याचं कारण विरह असं पंडित सांगतात. जेठ महिना त्या टेकडीवर काढलेला माणूस ढगाशी न बोलता तर नवल.

दुपारी बाहेर पडल्याशिवाय चैनच पडत नसेल तर मेट्रोत बसा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, मग सीताबर्डीला गाडी बदलून लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. थंडगार डब्यातून अख्खं शहर काचेआडून दिसतं. उतरायची घाई करू नका.

दुपार

आता मुख्य स्थळ. घरातली मधली खोली, पडदे ओढलेले, खिडकीला बाहेरून टेकवलेला पत्र्याचा कूलर. होळी झाली की त्याला नव्या ताट्या बसवतात, वाळ्याच्या असल्या तर पहिल्या पाण्याला सबंध घर सुवासिक होतं. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून खेचली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते आणि आत गार वारा येतो. हवा जितकी कोरडी तितकं यंत्र खुशीत. मुंबईत हाच कूलर नुसता दमट फुंकर घालील. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे एसीसारखी दारं लावून घेणं. मी लावली होती. तासाभरात खोलीत पावसाळा झाला, उघड्या डब्यातले पापड मऊ पडले आणि सासरे दारात येऊन म्हणाले, "जावईबापू, हवा जाईल कुठून? दार उघडं ठेवा."

कूलरसमोर बसण्याची प्रतवारी असते. पहिल्या दिवशी जावयाला थेट झोतात गादी मिळते. दुसऱ्या दिवशी झोत अर्धा आजीकडे वळतो. चौथ्या दिवशी तुम्ही कपाटाजवळ असता आणि तुमच्या अंगावरून वारा नातवंडांकडे जातो. मग समजायचं की तुम्ही घरचे झालात. कूलरच्या घरघरीत कुजबूज चालत नाही, त्यामुळे नातेवाइकांविषयीचं जे पुण्यात दार लावून बोलतात ते इथे ओरडून बोलतात. कोणाचं लग्न कुठे मोडलं, कोणत्या काकांनी प्लॉट कोणाच्या नावे केला, सगळं अंधारात, आडव्या अवस्थेत, मोठ्यांदा. मधेच कोणीतरी उठून कूलरमध्ये पाणी सोडतं. चारला पन्हं येतं. सहाला कोणीतरी दार उघडून बाहेर हात काढून बघतं आणि म्हणतं, "अजून तापून राहिलं बाप्पा," आणि सगळे पुन्हा आडवे होतात.

या जागेला तिकीट नाही, पण ओळख लागते. हॉटेलात उतरलात तर ही चुकेल. म्हणून नातेवाईक नसतील तर आधी जोडा, मग तिकीट काढा. परतीचं आरक्षण रात्रीच्या गाडीचं करा, पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या. आणि संत्री खायचीच असतील तर डिसेंबरात या. त्या वेळी सरकारही इथेच असतं.