खारीचा हिशेब

छर्‍याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलची ताकद एवढ्या मर्यादेत तिला मोकळं सोडलं आहे. कायद्याला तिची भीती वाटत नाही, ही गोष्ट तिच्या मालकाला मात्र कधीच पटत नाही. चिखली तालुक्यातल्या आजोळी माझ्या मामांनी अशी एक बंदूक आणली आणि त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात ज्ञानगंगेच्या जंगलातला वाघ शिरला. जंगल तसं लांब होतं, वाघ तर फक्त गप्पांतच. मग मामांच्या वाट्याला आली अंगणातल्या कडुनिंबावरची खार.

वैशाखातल्या दुपारी मामा बाजेवर पालथे पडून नेम धरत. नेम धरता धरता त्यांचा डोळा लागे, आणि खार खाली उतरून बाजेच्या सावलीत बसे. तिची शेपटी एखाद्या प्रश्नचिन्हासारखी हलायची. पण खरा प्रश्न विचारला तो तुरीची डाळ निवडत बसलेल्या आजीनं. "मारशीन रे बापू, पन मारल्यावर तिचं करशीन काय?"

आजीच्या घरात कुठलीच वस्तू अर्धी वापरून टाकलेली मी पाहिली नाही. लुगडं विटलं की वाकळीत जाई, वाकळ विरली की तिचं पोतेरं होई. कापूस वेचून झाला की पर्‍हाट्या चुलीत जात आणि चुलीतली राख भांड्यांना लागे. त्यामुळे तिनं खारीचाही रीतसर हिशेब मांडला. सगळा जीव शंभरेक ग्रॅमचा. मांस घासभर, तेही कोणाच्या घशाखाली उतरायचं नाही. कातड्याचं तान्ह्याचं टोपडंसुद्धा व्हायचं नाही. गावाबाहेरच्या फासेपारध्याला तिनं असा हिशेब कधी विचारला नाही. तो तितर धरायचा ते पोटासाठी, हे तिला दिसत होतं. मामांचं पोट भरलेलं होतं. ते म्हणाले, राजस्थानातले चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले करायचे, इतके बारीक की त्यांनी पापणीचा केस न् केस रंगवता यावा. "मंग तू काढतं का चित्र?" आजी म्हणाली. मामांची चित्रकला सोसायटीच्या कागदावरच्या सहीपुरती होती.

राहिले पाठीवरचे पट्टे. रामानं तीन बोटं फिरवली, म्हणून तीन पट्टे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दक्षिणेकडच्या खारीला ते तीनच असतातही. आमच्या कडुनिंबावरचीला मात्र पाच होते. आजीला यात काही अडचण वाटली नाही. "वर्‍हाडातून सेतूवर गेली ना थे, येवढ्या दूरून. देवानं पुरा पंजा ठेवला."

मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस चढला, तेव्हा वळचणीला तिचं घरटं सापडलं. त्यात आमच्या गादीचा कापूस होता, आजीच्या लुगड्याचे धागे, पोत्याची सुतळी आणि मामांच्या गंजीफ्राकाची बरीच मोठी चिंधी. आम्हाला खारीचा एक उपयोग सुचत नव्हता, आणि तिनं आमच्या घरातलं काही वाया जाऊ दिलं नव्हतं. आजी ते घरटं बराच वेळ न्याहाळत राहिली. शेजारणीचा नेटका संसार पाहताना बाया थबकतात, तशी. "बाई काटकसरीची हाये," एवढंच म्हणाली. मामांनी तेवढी कवेलं फेरू दिली नाहीत. त्या पावसाळ्यात तो कोपरा मन लावून गळला. खाली घमेलं ठेवायचं काम मामांकडेच होतं.

पुढे केव्हातरी कळलं, की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच पट्ट्यांच्या खारीचंही नाव होतं. आजीला त्याचं नवल वाटलं नसतं. सरकारला हिशेब थोडा उशिरा जमतो, असं तिचं एकंदर मत होतं. बंदूक मामांनी सैलानीच्या यात्रेत एका फुगेवाल्याला विकली. तिचा पुरेपूर उपयोग त्यानं केला.