कावळ्याआधी माणूस

मराठी माणसाला प्रेम व्यक्त करता येत नाही, हा आरोप धादांत खोटा आहे. येतं की! फक्त समोरचा गेल्यावर. हयातीत जिला ‘जेवलीस का?’ एवढंही कुणी विचारलं नाही, त्या आईचा चौकात भलाथोरला फ्लेक्स लागतो. खाली ‘शोकाकुल’ म्हणून गावभरची नावं, पदांसकट. नगरसेवकाचा फोटो आईपेक्षा जरा मोठा, एवढंच.

दहाव्याला घाटावर तर मायेला पूर येतो. कावळा शिवेना म्हटल्यावर थोरला हात जोडून म्हणतो, “अण्णा, धाकट्याचं मी बघतो, काळजी करू नका.” बापाशी इतकं सलग बोलण्याची ही त्याची पहिलीच वेळ. आणि पितृपक्षात अण्णांच्या पानात वाटीभर खीर. शुगरमुळे हयातभर बंद केलेली.

जिवंतपणीची सोय सरकारने केली आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आईबापांना महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. वाऱ्यावर सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे साधारण एका फ्लेक्सचा खर्च.

तेव्हा एक सूचना. दहाव्याचं भाषण सत्तरीलाच उरकून टाका. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, आमचा आधारवड’ सगळं समोर बसवून ऐकवा. आई घाबरून विचारेल, “पैसे हवेत का रे?” हरकत नाही. कावळा असला प्रश्न विचारत नाही, म्हणून तर त्याच्याशी बोलणं आपल्याला सोपं जातं.