अहो, दिवा तरी लावा!

भूत शोधणारे टीव्ही कार्यक्रम मी चवीने बघतो आणि भुतांवरचं संशोधन गंभीरपणे वाचतो. त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्यावर नाराज. विवेकवादी मित्र म्हणतात, हा घसरला. भूतवाले म्हणतात, हा मजा घालवतो.

अमेरिकेतल्या 'घोस्ट हंटर्स'चे (२००४) दोन नायक मूळचे प्लंबर. आमच्याकडचा प्लंबर भरदुपारी गळक्या नळाकडे फिरकत नाही, हे रात्री ओसाड इमारतीत आपण होऊन जातात! पथक आत शिरलं की पहिलं काम दिवे घालवणं. मग हिरवट चेहरे करून सगळे एका यंत्राकडे बघतात. ते यंत्र खरं तर वायरिंग आणि उपकरणांभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं, खिशातल्या मोबाइलनेही चमकतं. ते चमकलं की किंकाळी आणि लगेच जाहिरात. 'कोणी आहे का इथे?' असं भिंतीला विचारणाऱ्या साहेबाला बघून आमच्या मालवणच्या आत्या म्हणाल्या, ''नारळ नाय, कोंबो नाय, नुसतीच हाक मारतत. येतलो कोण?''

ब्रिटनच्या 'मोस्ट हॉन्टेड'मध्ये तर डेरेक अकोरा यांच्या अंगात यायचं. त्याच कार्यक्रमातले परामानसशास्त्रज्ञ किअरन ओ'कीफ यांनी २००५ मध्ये सांगितलं, की आपण 'क्रीड केफर' नावाचा एक तुरुंगाधिकारी मनानेच रचला आणि ते नाव अकोरांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. यथावकाश केफरसाहेब अंगात आले! या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की 'डेरेक फेकर' होतं, म्हणजे डेरेक भोंदू. अकोरांनी लबाडीचा आरोप फेटाळला. त्याच वर्षी प्रसारण-नियामक 'ऑफकॉम'ने निर्वाळा दिला, की हा कार्यक्रम म्हणजे तपास नव्हे, करमणूक. मला त्याने काडीचाही फरक पडला नाही. तमाशातला राजा खरा नसतो म्हणून कोणी उठून जातं का?

खऱ्या संशोधकांची तऱ्हा वेगळी. लंडनची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च १८८२ सालची. या मंडळींनी सतरा हजार लोकांना प्रश्न विचारून भासांची चक्क खानेसुमारी केली आणि १८९४ मध्ये अहवाल छापला. भुताला सरकारी फॉर्ममध्ये बसवायचं म्हणजे चिकाटी हवी.

पण माझा लाडका माणूस विक टँडी. हा इंजिनिअर ज्या प्रयोगशाळेत काम करायचा, ती झपाटलेली म्हणून बदनाम होती. एका रात्री त्याला घाम फुटला, मानेवरचे केस उभे राहिले, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. वळून बघतो तर गायब. दुसऱ्या दिवशी तो तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं दुरुस्त करायला घेऊन आला, शिकंज्यात अडकवलं, तेल आणायला गेला. परत येतो तर पात्याचं मोकळं टोक आपलं आपण थरथरतंय! आपण असतो तर थेट घर गाठलं असतं. हा पठ्ठ्या शिकंजा जमिनीवर इंच इंच सरकवत थरथर मोजत बसला. खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त. मूळ निघालं नव्या एक्झॉस्ट पंख्यात: सेकंदाला सुमारे १९ कंपनं, कानाला ऐकू न येणारी. पंख्याची बसकण बदलली, भूत गेलं. १९९८ मध्ये यावर शोधनिबंध आला, तोही त्याच सोसायटीच्या नियतकालिकात.

यावर कळस म्हणजे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या संशोधकांचा प्रयोग, २००९ मध्ये छापलेला. ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी रिकाम्या खोलीत असाच अश्राव्य ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रं सोडून लोकांना आत पाठवलं. बऱ्याच जणांना विचित्र अनुभव आले. पण यंत्र चालू की बंद, याच्याशी त्यांचा संबंध लागेना. तिथे काहीतरी जाणवू शकेल, एवढं आधी सांगितलेलं पुरलं असावं.

यावर मालिका काढा ना कोणीतरी! पहिल्या सीझनमध्ये पंखा भूत घालवेल, दुसऱ्यात पंख्यावरच संशय. तासभर स्क्रू पिळणारा इंजिनिअर बघायला मी तयार आहे. प्रायोजक पंखेवाले मिळतील, किंकाळ्या मी घरून पुरवीन.